दंडावरची खूण आणि गळ्यातला डबा

परदेशी संग्रहालयांनी आपल्या वस्तूंचे फोटो संकेतस्थळांवर टाकायला सुरुवात केल्यापासून मला एक सवय लागली आहे. फोटो मोठा करायचा आणि वस्तूची मागची बाजू दिसते का ते बघायचं. पुढची बाजू बघणाऱ्यांसाठी सजवलेली असते, मागच्या बाजूला वापरणाऱ्याचा हात लागलेला असतो.

केनियातल्या किकुयू समाजाचं एक न्डोमे मी असंच पाहिलं. हलक्या लाकडाच्या एकाच तुकड्यातून कोरलेलं, जेमतेम दोन फूट उंच, दोन्ही टोकांना निमुळतं होत गेलेलं. पुढच्या बाजूला नागमोडी पट्टे, काही पांढऱ्या मातीचे, काही काळे. मागची बाजू पोखरून खोलगट केलेली, तिच्यावर करवतीच्या दातांसारखी नक्षी, आणि मधोमध लाकडातच कोरून काढलेलं भोक. त्यातून डावा हात घालायचा आणि न्डोमे पार दंडापर्यंत चढवायचं. नक्षीवर रंगाचे कण अजून दिसत होते, पण भोकाच्या कडेला रंग उरलाच नव्हता. घासून घासून ती कड गुळगुळीत झाली होती. खाली नोंद होती: ढाल, किकुयू, केनिया, लाकूड व रंग. पुढे एक क्रमांक.

त्या नोंदीतला पहिलाच शब्द दिशाभूल करतो. किकुयूंची लढाईतली ढाल वेगळी, कातड्याची, तिला न्गो म्हणतात. न्डोमे हातात धरून कुणी कधी लढायला गेलं नाही. ते मुलांचं. इरुआ म्हणजे मुलगा पुरुष होण्याचा, सुंतेचा संस्कार. तो व्हायच्या आधी त्या वर्षीची मुलं एका डोंगरधारेवरून दुसऱ्या डोंगरधारेवर नाचत जात. अंगाला पांढरी माती, पायात खुळखुळे, हातात काठी आणि डाव्या दंडावर न्डोमे. किकुयूंचा मुलूख म्हणजे केनिया पर्वत आणि अबरडेअर रांगेच्या उतारांवरच्या समांतर धारा आणि मधल्या घळी. तिथे प्रत्येक धारेचा आपला स्वतंत्र गोतावळा असायचा. कोणत्या भागातली मुलं आली हे लांबून दंडावरची नक्षी बघूनच कळत असे.

ती नक्षी ठरायची कशी, हे मला या सगळ्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं. मुलानं आपल्या आवडीनं रंगवलं, कारागिरानं आपली कला दाखवली, असला प्रकार नव्हता. त्या वर्षी त्या भागातल्या सगळ्या मुलांच्या न्डोमेवर कोणती नक्षी असेल हे वडीलधारी मंडळी ठरवत. नक्षी एका तुकडीची असायची, एका मुलाची नव्हे. पुढच्या वेळी नक्षी बदलली की थोरल्या भावाचं किंवा नात्यातल्या कुणाचं न्डोमे धाकट्याकडे यायचं, जुना रंग काढून नवा चढायचा. बाहेरची बाजू अशी फिरत राहायची. आतली दातेरी नक्षी मात्र पिढ्यान्‌पिढ्या तशीच. दर वेळी बदलणारं जगाला दाखवायचं आणि कधीच न बदलणारं अंगाशी घट्ट धरायचं, ही रचना ज्यांनी केली त्यांना वस्तू, माणूस आणि काळ यांच्याविषयी पुष्कळ काही कळत होतं.

म्हणजे आज काचेमागे असलेल्या प्रत्येक न्डोमेवर जी नक्षी दिसते, ती ते ज्या दिवशी समाजाच्या हातून सुटलं त्या दिवशी थांबलेली नक्षी आहे. त्यावर पुढचा थर चढलाच नाही.

एकाच हंगामात ज्यांचा संस्कार झाला त्या सगळ्यांची मिळून एक रीका होते, आणि रीकेला नाव त्या वेळच्या घटनेवरून पडतं. मुतुंगु ही देवीच्या साथीतली रीका. न्दुतू म्हणजे पायात शिरणारी पिसू, तिनं छळलं त्या काळातली. न्देगे म्हणजे विमान. 1940 साली संस्कार झालेल्यांची रीका तर सरळ ‘फोर्टी’ नावानंच ओळखली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर नैरोबीत जमलेल्या चिडलेल्या, बेकार तरुणांचा गट याच नावानं पुढे आला आणि त्यातले बरेच जण नंतर ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या माऊ माऊच्या लढ्यात गेले. रीकांची नावं ओळीनं म्हटली की त्या समाजाचा इतिहास म्हटला जातो. आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. आमच्या घरात अजूनही एका काकांचा जन्म ‘पानशेतच्या साली’ आणि आत्याचं लग्न ‘बहात्तरच्या दुष्काळात’ असतं, तारखा कुणालाच आठवत नाहीत. फरक एवढाच की किकुयूंनी या सवयीला रीतसर पंचांगाचं रूप दिलं, आणि न्डोमेवरची नक्षी ही त्या पंचांगातली एका सालाची खूण होती.

असं असताना संग्रहालयाच्या नोंदीत साल असतं ते वस्तू तिथे पोहोचल्याचं. रीका कोणती, धार कोणती, मुलगा कोण, याची जागाच त्या नोंदीत नाही. माझी तक्रार इथून सुरू होते.

कारण ज्या ब्रिटिश राजवटीच्या काळात ही न्डोमे जहाजात चढली, तिला किकुयू तरुणांची नावं लिहून ठेवण्याचा कंटाळा मुळीच नव्हता. 1915 साली नोंदणीचा कायदा झाला आणि पहिलं महायुद्ध संपल्यावर तो अमलात आला. सोळा वर्षांवरच्या प्रत्येक आफ्रिकी पुरुषाला किपांडे बाळगणं सक्तीचं झालं. किपांडे म्हणजे नाव, जमात, बोटांचे ठसे, मालक कोण, पगार किती, कामावरून कधी सोडलं, हे सगळं लिहिलेला कागद. तो धातूच्या छोट्या डबीत घालून दोरीनं गळ्यात अडकवायचा. डबी गळ्यात नसली तर दंड किंवा तुरुंग. मालकानं सही करून सोडल्याशिवाय माणसाला दुसरीकडे काम धरता येत नसे. आपण पुरुष होतो आहोत हे सांगणारी खूण आदल्या पिढीच्या दंडावर होती. पुढच्या पिढीला ती सरकारनं गळ्यात घातली. पहिली नक्षी गावानं ठरवलेली, दुसरीवरचा मजकूर मळ्याच्या मालकाच्या सोयीचा.

एका बाजूला माणसाच्या बोटांच्या ठशांची नोंद, दुसऱ्या बाजूला त्याच माणसाच्या न्डोमेवर फक्त ‘किकुयू’. ज्यांना नाव लिहिता येत होतं त्यांनी इथे ते लिहिलं नाही, कारण मजूर हवा होता तेव्हा माणूस एकेकटा हवा होता आणि नमुना हवा होता तेव्हा तो जमातीचा हवा होता. विल्यम स्कोर्सबी रौटलेज आणि कॅथरीन रौटलेज हे जोडपं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात किकुयूंमध्ये राहिलं. त्यांनी बारकाईनं टिपणं केली, वस्तू जमवल्या, आणि 1910 साली किकुयूंवर पुस्तक छापलं. पुस्तकाच्या नावातच किकुयूंना ‘प्रागैतिहासिक लोक’ म्हटलं होतं. ज्यांच्या शेजारी आपण राहतो, ज्यांच्याकडून दूध आणि धान्य घेतो, ते लोक इतिहासाच्या आधीचे कसे? पण एकदा हे मनात पक्कं बसलं की कोणत्या मुलाचं न्डोमे, हा प्रश्न पडतच नाही.

परत करण्याचा विषय निघाला की पहिलं उत्तर ठरलेलं येतं: या वस्तू लुटलेल्या नाहीत, विकत घेतलेल्या आहेत. न्डोमेच्या बाबतीत हे पुष्कळदा खरंही असेल. पुरुष झालेल्या मुलाला न्डोमेचा उपयोग संपलेला असायचा, आणि पाहुण्याला ते देणं फारसं जड जात नसावं. मी हे नाकारत नाही. पण विक्री कोणत्या दिवसांत झाली तेही बघायला हवं. 1902 पासून जमिनी सरकारजमा करून गोऱ्या वसाहतवाल्यांना द्यायला सुरुवात झाली होती, 1915 च्या कायद्यानं तर त्यांचे भाडेपट्टे 999 वर्षांचे केले. झोपडीवर कर बसला होता आणि तो रोखीनं भरायचा होता. ही रोख कोणती? तर रुपया. हिंदुस्थानचाच रुपया 1920 पर्यंत तिथे चलन म्हणून चालत होता. शेळ्यांत आणि धान्यात व्यवहार करणाऱ्या घरात रुपये येण्याचे मार्ग दोनच होते, मळ्यावर मजुरी किंवा घरातलं धान्य, जनावर, वस्तू विकणं. ज्यानं करही बसवला आणि बाजारही उघडला, त्याच्या राज्यातल्या पावतीला मी संपूर्ण मोकळ्या मनानं केलेला सौदा मानायला तयार नाही. शिवाय अनेक ठिकाणी ती पावतीसुद्धा नाही, नुसती ‘भेट’ अशी नोंद आहे.

दुसरं उत्तर मला जास्त गंभीर वाटतं, आणि त्याला केनियातलेही लोक दुजोरा देतात. न्डोमेचा नाच आता कुणी नाचत नाही. सुंता होते, पण ती बहुतेक दवाखान्यात, शाळेच्या परीक्षा संपल्यावर डिसेंबरच्या सुट्टीत. चर्चही आपले वर्ग भरवतात, तिथे मुलांना काही दिवस एकत्र ठेवून व्यसन, अभ्यास, जबाबदारी यांवर बोललं जातं. मुतीरी, म्हणजे त्या काळात मुलाची देखरेख करणारा थोरला, अजून असतो. न्डोमे नसतं. मग ज्या वस्तूचा संस्कारच उरला नाही ती परत नेऊन काय करणार, असा प्रश्न येतो. यात आणखी एक काटेरी गोष्ट आहे, तीही बोलायला हवी, कारण ती टाळून परंपरेविषयी बोलणं मला अप्रामाणिक वाटतं.

इरुआ मुलींचाही होत असे, आणि तो त्यांच्या शरीराला कायमची इजा करणारा होता. 1929 साली मिशनऱ्यांनी आपल्या अनुयायांकडून याविरुद्ध जाहीर शपथ मागितली, कागदावर अंगठा मागितला. अंगठा देणाऱ्यांना ‘किरोरे’ हेच नाव पडलं, कारण किरोरे म्हणजे अंगठ्याचा ठसा. नकार देणारे मिशनच्या शाळांतून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःच्या शाळा उभ्या केल्या. मिशन आणि सरकारची टर उडवणारं मुथिरिगू नावाचं नाच-गाणं गावोगाव पसरलं आणि 1930 मध्ये सरकारनं त्यावर बंदी घातली. पुढे स्वतंत्र केनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेल्या जोमो केन्याटांनी 1938 च्या आपल्या पुस्तकात मुलींच्या या प्रथेचं समर्थन केलं, ती गेली तर समाजाची सगळी वीणच उसवेल असं मांडलं. मला ते पटत नाही. समाजाची वीण टिकवायची किंमत मुलींच्या शरीरातून वसूल करता येत नाही. केनियानं 2011 साली कडक कायदा करून या प्रथेवर बंदी आणली, आणि तिथल्या बायकांनी त्याआधीपासून गावागावांत, पातं न लावता फक्त शिकवण आणि समारंभ ठेवणारे पर्यायी संस्कार सुरू केले होते. किकुयू समाजाला आपल्यातलं काय टाकायचं ते कळतं, याचा एवढा पुरावा पुरे.

म्हणूनच संस्कार मेला म्हणून वस्तू आमची, हे मला मान्य नाही. एखादी प्रथा सोडली म्हणजे तिच्या आठवणीवरचा हक्क सोडला असं होत नाही. उलट ज्यांनी विचार करून काही सोडलं आणि काही ठेवलं, त्यांनाच त्या सगळ्याचा हिशेब मांडायला मूळ वस्तू हाताशी लागतात. आणि सगळंच काही त्यांनी आपणहून सोडलेलं नाही. माऊ माऊच्या लढ्यामुळे ब्रिटिशांनी पुकारलेल्या आणीबाणीच्या काळात, 1954 नंतर, सुमारे दहा लाख किकुयूंना घरं सोडायला लावून काटेरी तारांच्या, खंदकांच्या वस्त्यांमध्ये कोंबलं गेलं. जुनी घरं जाळली गेली. घर जळताना माणूस पोरं उचलतो, धान्य उचलतो. आढ्याला टांगलेलं न्डोमे कोण उचलणार? ज्या वस्तू लंडनला सुखरूप राहिल्या असं आपल्याला अभिमानानं सांगितलं जातं, त्यांच्या जुळ्या भावंडांचं घर कोणी जाळलं हेही त्याच दमात सांगायला हवं. 2013 साली ब्रिटिश सरकारनं त्या काळच्या छळाबद्दल खेद व्यक्त करून 5,228 जणांना भरपाई दिली. छळ झालेल्यांनी त्यासाठी भरलेल्या खटल्याला बळ मिळालं ते इंग्लंडमध्ये दडवून ठेवलेल्या वसाहतकाळच्या फायली 2011 मध्ये उघड झाल्यामुळे. अर्धशतक त्या फायली लोकांच्या नजरेआड होत्या.

वस्तूंचंही तसंच आहे. केनियाबाहेर काय काय आहे, याची यादीच केनियाकडे नव्हती. केनियाचं राष्ट्रीय संग्रहालय, जर्मनीतली दोन संग्रहालयं आणि केनिया आणि युरोपातले काही कलावंत यांनी मिळून अलीकडच्या वर्षांत ती करायला घेतली. त्यांनी जगभरच्या संस्थांना पत्रं लिहिली, तुमच्याकडे आमचं काय आहे ते कळवा म्हणून. 30 संस्थांकडून 32 हजारांहून जास्त वस्तूंची नोंद जमली. ही फक्त ज्यांनी उत्तर दिलं त्यांची. आपल्या घरातलं काय काय गेलं हे विचारायलाच एका स्वतंत्र देशाला इतकी वर्षं लागावीत आणि त्यासाठी दारोदार अर्ज करावे लागावेत, यातला अपमान मला फार लागतो.

परत मिळालेल्या वस्तूंची उदाहरणं आहेत. केनियाच्या किनारपट्टीवरच्या मिजिकेंडा लोकांचे विगांगो, म्हणजे पूर्वजांच्या नावानं उभे केलेले कोरीव खांब, चोरून विकले गेले होते. अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या संग्रहालयानं आपल्याकडचे 30 परत पाठवले. नांदी लोकांचा पुढारी कोइतालेल सामोई याला 1905 मध्ये बोलणीच्या नावाखाली बोलावून ज्या इंग्रज अधिकाऱ्यानं गोळी घातली, त्याच्याच मुलानं कोइतालेलच्या काठ्या 2006 साली केनियाला दिल्या. ही उदाहरणं चांगलीच आहेत, पण त्यांत चोरी तरी होती किंवा खून तरी. न्डोमेच्या मागे अशी एकही ठळक गोष्ट नाही. ते एका मुलाचं, एका हंगामापुरतं. म्हणून ते सगळ्या याद्यांत शेवटी राहील याची मला भीती वाटते.

आणि उसनं देण्याचा मार्ग नको. याविषयी महाराष्ट्रानं बोलायला हवं, कारण आपण तो अनुभव घेतला आहे. 2024 च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याला आली, तीन वर्षांच्या मुदतीनं. ती महाराजांचीच का, यावर आपल्याकडे केवढा वाद झाला. त्या वादाचा सगळा आधार काय होता? साताऱ्याला नेमलेल्या ग्रँट डफकडून पुढे गेलेली एक पेटी आणि तिच्यावरचा इंग्रजी मजकूर. नेणाऱ्यानं लिहिलं तेवढंच आपल्या हाती. खरं-खोटं ठरवायला लागणारी बाकीची माहिती वस्तू उचलली तेव्हाच विस्कटली, आणि ती सिद्ध करता येत नाही असं ते संग्रहालयच सांगतं. साताऱ्यातल्या रांगेत उभं राहून, डोळे पुसत बाहेर पडणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या भावनेत काही खोट नव्हती. पण मुदत संपली की वस्तू परत पाठवायची, हा करारही त्याच दालनात त्यांच्यासोबत उभा होता. 2025 मध्ये रघुजी भोसल्यांची तलवार तर राज्य सरकारला लंडनच्या लिलावात 47 लाखांवर रुपये मोजून आणावी लागली. न्डोमेसुद्धा युरोपातल्या लिलावांत येतात, आफ्रिकी कलेचा नमुना म्हणून. किकुयू मुलखातल्या नायेरीच्या एखाद्या शाळामास्तरानं तिथे बोली लावायची का?

कायद्याची अडचण सांगितली जाते. ब्रिटिश म्युझियमला 1963 च्या कायद्यामुळे वस्तू देऊन टाकता येत नाहीत हे खरं आहे. पण तो कायदा त्यांच्याच संसदेनं केला आहे, आणि संसदेला तो बदलता येतो. ज्या संस्थांवर हे बंधन नाही त्यांच्यापैकी लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयानं 2022 मध्ये आजच्या नायजेरियातल्या जुन्या बेनिन राज्याच्या वस्तूंची मालकी नायजेरियाला देऊन टाकली.

माझं मागणं असं आहे की मालकी केनियाची व्हावी, आणि वस्तू नैरोबीच्या गोदामात दुसऱ्यांदा पुरल्या जाऊ नयेत. नायेरीला एका जुन्या न्यायालयाच्या इमारतीत छोटं संग्रहालय आहे. त्या भागातली न्डोमे तिथे जाऊ देत. हवामान, वाळवी, पैसा या अडचणी खऱ्या आहेत, आणि इतकी वर्षं वस्तू दाखवून नाव कमावलेल्या संस्थांनी त्यासाठी पैसे द्यावेत, यात उपकार कसला?

पण पेट्या बांधायच्या आधी, उद्या सकाळपासून, एक काम करता येण्यासारखं आहे आणि त्याला कुठल्या संसदेची परवानगी लागत नाही. प्रत्येक न्डोमेचे दोन्ही बाजूंचे फोटो टाका, आतल्या बाजूचेसुद्धा. कुणी, कधी, कुठून, किती रुपयांना घेतलं, जे जे कागदात आहे ते तसंच्या तसं टाका. ‘ढाल’ खोडून ‘न्डोमे’ लिहा. आणि खाली तीन ओळी नव्यानं आखा: धार, रीका, मुलाचं नाव. बहुतेक ठिकाणी त्या आज कोऱ्या राहतील. तरी त्या तिथे असू देत. मुरांगा-नायेरीकडे अशी म्हातारी माणसं अजून आहेत ज्यांना आपल्या आजोबांची रीका तोंडपाठ आहे, आणि अशी नातवंडं आहेत ज्यांच्या हातात फोन आहे. आजोबांना बाजूला बसवून, फोटो मोठा करून, त्या नागमोडी पट्ट्यांवर बोट ठेवून नातवानं विचारलं की ही नक्षी कोणत्या साली होती, तर उत्तर लिहायला जागा हवी.